सरांच्या चार ओळी

तीन डिसेंबर. आज शिफारसपत्रं लिहायची आहेत. पाच मुलं परदेशी अर्ज करताहेत, पाचांचीही मुदत पंधरा तारखेला संपते, आणि पाचही जण "मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे" असं सांगून गेलेत. हल्ली कागद नसतो. मेलवर लिंक येते, ती उघडली की रकाने दिसतात. हा विद्यार्थी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत कुठे बसतो? पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस? मी सगळ्यांना पहिल्या एक टक्क्यात बसवते. खरं पाहिलं तर सगळे तिथे बसत नाहीत, तरी बसवते. दोन पत्रं झाली. तिसरं उघडं ठेवून हे लिहायला घेतलं आहे, कारण असं का करते ते एकदा लिहून टाकायला हवं. उरलेली तीन दुपारी होतील.

आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. वडील मनमाडला रेल्वेत होते. ड्यूटी संपली की यायचे, जेवायचे, झोपायचे आणि पुन्हा गाडीला जायचे, त्यामुळे घर आईचं होतं. पहाटे पाचला नळाचं पाणी बादलीत पडायचा आवाज, मग कुकर, मग शेजारच्या मिक्सरची घरघर, असा आमचा दिवस उजाडायचा. आईचा हात चालता असायचा आणि तोंड त्याहून चालतं, पण एक गोष्ट त्या तोंडातून कधी निघाली नाही, ती म्हणजे पोटच्या पोरीचं कौतुक. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, तर आई म्हणाली, "झाली कशीबशी पास." काकू म्हणाल्या, "आमचीही तशीच, धडपडतेय." काकूंची मुलगी तालुक्यात दुसरी आली होती. दोघींना एकमेकींचं बरोबर कळलं. त्या दुपारी आईने खापर तापत टाकलं आणि हातावर पसरून मांडे केले, सणावाराविना, भर जूनमध्ये. ताटात वाढताना म्हणाली, "खा, नाहीतर वाया जातील." आमच्याकडे कौतुक असं ताटात यायचं, बोलण्यात यायचं नाही. मला ते समजायचं. तेव्हा मला वाटायचं, सगळ्या जगाला समजतं.

आहेर सर आईच्याच जातकुळीतले, म्हणजे स्वभावाने. ते सटाण्याकडचे. घर, शेती, बायको सगळं तिकडे गावी, आणि हे कॉलेजमागच्या दोन खोल्यांत एकटे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्यातही पिकांच्या रोगांतले जाणकार. दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार पिशवीत पानं घालून त्यांच्याकडे यायचे आणि सर पान उलटं करून, भिंगातून बघून, "डावणी आहे, उद्याच फवार" एवढंच सांगायचे. वर्गात वीसपैकी तेरा म्हणजे त्यांच्याकडचा उच्चांक. एकाने धीर करून विचारलं होतं, "सर, वीस कुणाला मिळतात?" तर सर म्हणाले, "ज्याने पान बनवलं त्याला." मला ते निकम म्हणायचे. आडनावाने हाक मारलेली मी एकटीच मुलगी. बाकीच्यांना ते "ए" म्हणायचे. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला राहिले. गुरुवारी आई त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची. सर डबा धुऊन, पुसून परत करायचे आणि म्हणायचे, "मीठ बरं होतं सांग."

एकदा दिंडोरीच्या बागेत मी एक पान तोडून सरांना दिलं. म्हटलं, "सर, इथे येणार." सरांना काही दिसलं नाही. मलाही डाग असा दिसत नव्हता, फक्त पानाचा रंग तिथे आळसावल्यासारखा वाटत होता. दोन दिवसांनी त्याच जागी तेल सांडावं तसा डाग उमटला. सरांनी पान बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाले, "हं." आणि पुढच्या बागेकडे चालू लागले. मला तो "हं" महिनाभर पुरला.

बाहेर जाऊन पीएच.डी. कर, हेही त्यांनीच सांगितलं. परीक्षा दिल्या, अर्ज मागवले. तेव्हा सगळं टपालाने चालायचं. जाड पाकिटं यायची, त्यातले रकाने आधी पेन्सिलीने भरायचे आणि मग शाईने. तीन शिफारसपत्रं लागायची. विभागातल्या दुसऱ्या दोघा सरांनी सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही मारतो." तीच रीत होती आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. आहेर सरांना त्या रीतीची शिसारी होती. "स्वतःची पत्रिका स्वतःच मांडायची का?" असं म्हणून ते त्यांच्या जुन्या टाइपरायटरवर दोन बोटांनी टाइप करायला बसले. पाच विद्यापीठांसाठी पाच पत्रं, आणि टपालाचा भरवसा नाही म्हणून सहावं जास्तीचं. प्रत्येक पाकीट चिकटवून जोडावर सही केली आणि विभागाचा शिक्का मारला. पत्र विद्यार्थ्याने बघायचं नाही असा नियम होता, आणि सरांनी नियम मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

मार्चपासून उत्तरं यायला लागली. पातळ पाकीट आलं की नकार, हे दुसऱ्या पाकिटाला कळलं. पाचही पातळ. माझे गुण चांगले होते, परीक्षेत त्यांना हवे त्याहून जास्त पडले होते, तरीही पाचही. आई म्हणाली, "असतं एकेकाचं." आणि तांदूळ निवडत बसली. एप्रिलमध्ये मात्र एक सहावं पाकीट आलं. त्यातल्या एका विद्यापीठातल्या बाईंशी, त्या डावणीवर काम करायच्या, माझी आधी पत्रापत्री झाली होती. त्यांनी हाताने लिहिलं होतं. मला तुला घ्यायचं होतं, पण तुझ्या मार्गदर्शकाच्या पत्रावर समिती अडली. जो तुला सगळ्यांत जवळून ओळखतो त्यालाच तुझ्याबद्दल शंका आहे असं सगळ्यांचं मत पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, मी जागा धरून ठेवीन, पण पत्र वेगळं आण.

मी कपाटातून ते जास्तीचं पाकीट काढलं आणि फाडलं. आत चार ओळी होत्या. मूळ इंग्रजीत, मी मराठीत देते. "कुमारी शैला निकम ही माझी विद्यार्थिनी आहे. ती आज्ञाधारक, नियमित आणि चांगल्या घरातली आहे. मन लावून काम केल्यास तिच्या हातून काही उपयुक्त संशोधन होईल असं वाटतं. ती मला मुलीसारखी असल्याने तिच्याविषयी याहून अधिक लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही." सोबतच्या फॉर्ममध्ये पहिले दोन रकाने कोरे होते. खूण तिसऱ्यात होती, साधारणपेक्षा बरी.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवलं. आईने हात पुसले. म्हणाली, "किती छान लिहिलंय गं." आणि पदर डोळ्याला लावला. मला रडू आलं नाही. आईचा अर्थ बरोबर होता, समितीचाही बरोबर होता, आणि मधे माझं एक वर्ष गेलं होतं.

मी सरांशी बोलले नाही असं नाही. बोलले. जूनमध्ये, स्लाइडा धुताना, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "सर, तिकडे पत्रात जरा जास्त लिहायची पद्धत असते."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे... सर्वांत चांगली वगैरे."

"आहेस का?"

मी स्लाइड धूतच राहिले. हो म्हणायचं धाडस मला नव्हतं. आमच्यात तसं म्हणणारं माणूस सगळ्यांच्या मनातून उतरतं.

"निकम," सर म्हणाले, "पहिला रकाना रिकामा ठेवायचा असतो. माणसाला पुढे जायला जागा लागते. आणि घरच्या माणसाचं कौतुक आपणच करायचं, तर बाजारात बसलेलं काय वाईट?"

विषय संपला. मार्गदर्शकाचंच पत्र टाळून चालणार नव्हतं, दुसऱ्याचं जोडावं तर सरांना कळणार होतं. ऑक्टोबरपर्यंत त्यांची नजर मंदावली. मोतीबिंदू होता, आणि तेव्हा डॉक्टर तो पिकायची वाट बघायला सांगायचे. सरांना टाइपरायटरची अक्षरं दिसेनात. सगळा पत्रव्यवहार ते तोंडी सांगायचे, मी टाइप करायचे, कागदावर बोट ठेवून सहीची जागा दाखवायचे आणि ते सही करायचे. काय टाइप केलं आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विभागाची मागणीपत्रं, मुलांचे दाखले, सटाण्याच्या घरी पाठवायच्या चार ओळीसुद्धा माझ्याच हातून जायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, "बस, तुझं पत्र उरकू." मी बसले. विभागाचा छापील कागद लावला. सर खिडकीपाशी उभे राहून, हात मागे बांधून सांगू लागले. कुमारी शैला निकम ही माझी विद्यार्थिनी आहे. मी टाइप केलं. ती आज्ञाधारक, नियमित. आणि तिथून माझ्या बोटांनी दुसरंच लिहायला घेतलं. ते सगळं मला पाठ होतं, आठ दिवस घोकलेलं होतं. सर एक सांगत होते, मी दुसरं टाइप करत होते, आणि दोन्ही इंग्रजीतच. ते थांबले की मी थांबायचे, ते बोलले की मी चालवायचे. पण त्यांच्या चार ओळी संपल्या आणि माझ्या अजून सहा राहिल्या होत्या.

"झालं की," सर म्हणाले. "अजून काय बडवतेस?"

"पत्ता, सर."

"मोठा दिसतोय पत्ता."

"हो सर, अमेरिकेचा आहे ना."

सर हसले. क्वचित हसायचे. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली; बाकीच्या विद्यापीठांच्या प्रतींवरही नंतर तशीच. फॉर्मवरच्या खुणाही माझ्याच हाताने झाल्या, सगळ्या पहिल्या रकान्यात. जोडावर सही, शिक्का, सगळं रीतसर. मी घरी आले, जेवले आणि दुसऱ्या दिवशी पाकिटं मोठ्या पोस्टात टाकली. मन खात होतं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. काम झालं, एवढंच वाटलं.

मार्चमध्ये जाड पाकीट आलं. व्हिसाचा भाग मुलं आज सर्वांत मोठा समजतात, माझा तो सर्वांत सोपा गेला. पहाटेची गाडी, मुंबईत फुटपाथवर रांग, फाइलीत घराच्या कागदापासून वडिलांच्या सर्व्हिस बुकपर्यंत सगळं. काचेपलीकडच्या माणसाने विचारलं, काय शिकणार? म्हटलं, द्राक्षाच्या पानावरचा रोग. परत येऊन काय करणार? म्हटलं, आमच्याकडे द्राक्षं आहेत. त्याने फाइल उघडलीही नाही.

मी पेढे घेऊन कॉलेजात गेले. सर स्टाफरूममध्ये होते. पेढा हातात धरून ते उभे राहिले आणि, जे मी कधी पाहिलं नव्हतं, भाषण केल्यासारखे बोलायला लागले. ज्यांनी मला "लिहून आण" म्हटलं होतं त्यांतल्या एका सरांना म्हणाले, "बघा. तुम्ही पोरांकडून पोवाडे लिहून घेता. मी गेल्या वर्षी चार ओळी दिल्या, यंदा त्याच चार ओळी दिल्या. बदल केला नाही. तिकडे उशिरा का होईना पारखतात."

ते सर म्हणाले, "आहेर, तुमच्या चार ओळींत मावतं होय माणूस?"

"खरं असेल तर मावतं," सर म्हणाले आणि पेढा खाल्ला. त्यांना गोड वर्ज्य होतं.

मी तशीच निघून आले असते. व्हिसा हातात होता, जायला महिना होता, कुणाचं काही अडत नव्हतं. पण विभागात सविता होती. नांदगावची, वसतिगृहात राहणारी, माझ्यापेक्षा हुशार. हे मी आज लिहितेय, तेव्हाही मला माहीत होतं. येत्या डिसेंबरात ती अर्ज करणार होती. सर तिला म्हणाले, "तुलाही निकमसारखंच पत्र देईन. तेच शब्द. आता सिद्ध झालंय." सविताने मान डोलावली. तिला काय ठाऊक?

घरी आईला सांगितलं. तोवर आईलाही माहीत नव्हतं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, "आता गप्प बस. त्यांना आनंद झालाय, तो राहू दे."

"आणि सविता?"

"तिला सांग की कानात. सरांना कशाला?"

"सांगून ती काय करेल? मी काय केलं?"

सविताला कळलं असतं तर तिनेही तेच केलं असतं, टाइपरायटरवर बसून, आंधळ्या होत चाललेल्या माणसासमोर. मग तिच्यानंतरची. मला ते चालणार नव्हतं. त्यात फार काही उदात्त नव्हतं, एक बिघडलेली गोष्ट पुढच्याच्या माथी मारून जाणं मला जमत नाही, इतकंच.

संध्याकाळी पाचला मी सरांच्या खोलीवर गेले. ते स्टोव्हवर चहा ठेवत होते. मी उभ्यानेच सांगितलं. "सर, मी तुमच्या पत्रावर गेले नाही. तुम्ही सांगितलं ते मी टाइप केलं नव्हतं."

सरांनी स्टोव्ह बंद केला. आवाज थांबल्यावर खोली फार शांत झाली. "काय टाइप केलं होतंस?"

माझ्याजवळ प्रत होती. ते म्हणाले, "वाच. मराठीत सांग." ते खाटेवर बसले आणि मी दाराशी उभी राहून माझंच कौतुक त्यांच्या नावाने त्यांना वाचून दाखवलं. पंचवीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत ही सर्वांत पुढे आहे. रोग दिसण्याआधी तिला पानाचा रंग कळतो, जे मला आयुष्यभर जमलं नाही. ती प्रश्न विचारते तेव्हा मला पुन्हा पुस्तकं उघडावी लागतात. ती गेल्यावर माझ्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होईल आणि ती भरावी अशी माझी इच्छा नाही.

हे शेवटचं वाक्य मी कुठून काढलं होतं मला माहीत नाही. लिहिताना ते फक्त समितीवर छाप पडावी म्हणून घातलं होतं.

सर सटाण्याच्या बोलीत, घरी बोलतात तसं, म्हणाले, "यामा खोटं काहीच नही." यात खोटं काहीच नाही.

मी म्हटलं, "मग सर, सवितासाठी असं लिहा. तुम्हीच सांगा, तुम्हीच सही करा."

"आता काय लिहू?" ते म्हणाले. "आता मी जे लिहीन ती तुझी नक्कल होईल." थोड्या वेळाने म्हणाले, "शेवटची ओळ मी कधीतरी सांगणार होतो, निकम. तू जाशील त्या दिवशी, स्टेशनवर. ठरवलं होतं. ती आता वापरून झाली."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घेशील?" पण स्टोव्ह पुन्हा पेटवला नाही, आणि मी निघाले.

सविता पुढच्या वर्षी गेली. तिचं पत्र दुसऱ्या सरांनी दिलं. आहेर सरांनी त्यानंतर कुणालाच पत्र दिलं नाही, "डोळ्यांचं कारण आहे" म्हणायचे. शस्त्रक्रिया होऊन डोळे चांगले आले तरीही. मी निघाले तेव्हा ते स्टेशनवर आले नाहीत. त्या दिवशी सटाण्याला गेले होते. ते वारल्याचं आईने तिसऱ्या वर्षी फोनवर सांगितलं. मी नाशिकला परत आले, त्यांच्याच विषयाची मास्तरीण झाले, आणि मुलांना पहिल्या रकान्यात बसवते, त्यांच्या समोर, त्यांना वाचून दाखवून.

त्या संध्याकाळनंतरची सकाळ सांगायची राहिली. नोकरीतून मोकळं व्हायचं तर नो ड्यूजचा फॉर्म लागायचा. सकाळी अकराला मी तो घेऊन निघाले. ग्रंथालयाची सही झाली, ऑफिसची झाली, शेवटी विभागप्रमुखांची, म्हणजे सरांची. मी त्यांच्या टेबलावर फॉर्म ठेवला आणि सवयीने सहीच्या जागी बोट ठेवलं. सरांनी ते बोट हलकेच बाजूला केलं. खणातून पानं बघायचं भिंग काढलं, कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. काचसामान, पुस्तकं, सूक्ष्मदर्शक, ॲप्रन, एकेक रकाना. मी उभी होते. तळाला पोचल्यावर त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावरूनही त्यांनी वरपासून खालपर्यंत भिंग फिरवलं, आणि मग सही केली.